बाबांचा ऑक्सिजन कमी का केला?

अतिदक्षता विभागाबद्दल या खेपेला आलेल्या पत्रांत गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली पत्रं जास्त आहेत. सूर बहुतेकांचा एकच: आमच्या माणसाला ऑक्सिजन कमी दिला. रुग्ण न तपासता आणि कागद न पाहता एखाद्यावरच्या उपचाराबद्दल बरंवाईट बोलणं मला पटत नाही, तेव्हा ते करणार नाही. पण ऑक्सिजन किती, कसा आणि कशासाठी देतात हे नातेवाइकांना कुणी बसवून सांगत नाही, ही तक्रार रास्त आहे. पत्रं थोडी आखडली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझे बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ला खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, विडी मात्र राहिली. यंदा पावसाच्या तोंडावर रात्री फार दम लागला. ॲम्ब्युलन्समध्ये मोठा मास्क लावला, बोटावरच्या यंत्राचा आकडा ९९ झाला आणि बाबा शांत झोपले. इस्पितळात पोचताच डॉक्टरांनी तो मास्क काढून साधी नळी लावली. आकडा ८९ वर आला. मी ओरडलो, तर म्हणाले, "एवढाच हवा." मग दोन दिवस पट्टे बांधलेला मशीनचा मास्क होता. बाबा आता घरी आहेत, बरे आहेत. तरी विचारतो, ९९ चांगलं की ८९? (पाळी, ता. डिचोली)

उत्तर : "बाबा शांत झोपले" हे तुम्ही हायसं वाटून लिहिलं आहे. मला तेच वाक्य वाचून धसका बसला. दम लागून बेजार झालेला माणूस ऑक्सिजन लागताच गाढ झोपतो, तेव्हा तो आरामात असतोच असं नाही. कित्येकदा रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून त्याला गुंगी चढत असते. बोटाला लावलेलं यंत्र फक्त ऑक्सिजन मोजतं, कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. म्हणून आकडा ९९ आणि माणूस बुडतो आहे, असं खुशाल घडू शकतं.

विडी, खाणीची धूळ, चुलीचा धूर यांनी वर्षानुवर्षं खराब झालेल्या फुफ्फुसांच्या आजाराला सीओपीडी म्हणतात. (चुलीचं मुद्दाम लिहितो. जन्मात विडी न ओढलेल्या कितीतरी बायकांना हा आजार रांधपाच्या खोलीत जडलेला असतो आणि घरचे त्याला "जुना खोकला" म्हणून सोडून देतात.) अशा फुफ्फुसाचे काही भाग निकामी झालेले असतात. शरीर शहाणपणाने त्या भागांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून ठेवतं, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळतं. बाहेरून भरमसाट ऑक्सिजन दिला की आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात, रक्त पुन्हा निकामी भागातून फुकट फिरून येतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजनने गच्च भरलं की कार्बन डायऑक्साइड वाहून नेण्याची त्याची ताकद घटते. काहींचा श्वासही मंदावतो. पूर्वी आम्हाला कॉलेजात हे तिसरं कारणच एकमेव म्हणून शिकवायचे. पहिली दोन त्याहून मोठी आहेत, हे नंतर कळलं.

म्हणून अशा रुग्णाचं लक्ष्य ८८ ते ९२. ब्रिटनच्या थोरॅसिक सोसायटीने २००८ साली ते लेखी घालून दिलं आणि आज जगभर तेच पाळतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात हे ॲम्ब्युलन्समध्येच तपासून पाहिलं आणि २०१०मध्ये प्रसिद्ध केलं. सरसकट मोठा मास्क लावलेल्या रुग्णांच्या तुलनेत ८८ ते ९२ एवढाच ऑक्सिजन बेताने दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. औषध तेच, फरक फक्त मात्रेचा.

इस्पितळात पोचल्यावर बाबांच्या मनगटाजवळ नाडी लागते त्या धमनीतून रक्त काढलं असेल. त्यासाठी सुई खोल घालावी लागते, दुखतं. त्या तपासणीला एबीजी म्हणतात. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५च्या दरम्यान हवा. तो ७०-८०वर आणि रक्त आम्लधर्मी झालेलं, असं दिसलं की पट्ट्यांचा मास्क लावतात. तो बायपॅप. तो श्वासाला मागून ढकलतो आणि साचलेला वायू बाहेर काढायला मदत करतो. बाबांच्या घशात नळी घालावी लागली नाही, याचं पुष्कळ श्रेय त्या दोन दिवसांना आहे.

आता एक करा. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांकडून ठळक लिहून घ्या: "ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२." त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ठेवा आणि पुढच्या वेळी गाडीत चढताक्षणी दाखवा. डिचोलीहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंतचा वेळ एवढं नुकसान व्हायला पुरतो. ॲम्ब्युलन्समध्ये निळ्या किंवा पांढऱ्या तोंडाचा व्हेंचुरी मास्क असला तर उत्तम. निळा २४ टक्के देतो, पांढरा २८. मात्र याचा उलटा अर्थ काढू नका. आकडा ८०वर आला असेल तर "बाबांना ऑक्सिजन चालत नाही" म्हणून मास्क ओढून काढायचा नाही. ऑक्सिजनअभावी माणूस मिनिटांत दगावतो, कार्बन डायऑक्साइड साचायला त्याहून वेळ लागतो.

प्रश्न : आई न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होती. मशीनवर ऑक्सिजन ४० टक्के लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. अजून ६० टक्के देण्याजोगा शिल्लक होता, तर दिला का नाही? इस्पितळाने वाचवला का? (पालये, ता. पेडणे)

उत्तर : दोन आकडे एकमेकांत मिसळले आहेत, आणि ही गल्लत अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर रोज होते. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. मशीनवरचे ४० टक्के म्हणजे आईला मिळणाऱ्या हवेतलं प्रमाण, साध्या हवेच्या जवळपास दुप्पट. तिच्या रक्तात तो किती पोचला हे दुसरा आकडा सांगतो, बोटावरचा. ४० टक्क्यांवर रक्तातला आकडा ९४ असेल तर ती चांगली बातमी आहे. १०० टक्के द्यावे लागत असतील आणि तरी ८५ असेल, तेव्हा आम्ही घाबरतो. म्हणजे मशीनवरचा आकडा खाली यावा यासाठी आम्ही देव पाण्यात घालून बसलेले असतो आणि नातेवाईक तो वर का नाही म्हणून भांडत असतात.

शिल्लक आहे म्हणून द्यायचा नाही, कारण ६० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस दिलेला ऑक्सिजन फुफ्फुसाच्या अस्तरालाच इजा करतो. कमी दिवसांच्या बाळांचे डोळे अति ऑक्सिजनने जातात, ही गोष्ट वैद्यकाला १९५०च्या दशकात फार महागात कळली.

मोठ्यांमध्ये नेमकं किती ठेवावं यावर गेली दहा वर्षं जोरदार वाद चालला. २०१६मध्ये इटलीतल्या मोदेनाच्या डॉक्टरांनी दाखवलं की बेताने ऑक्सिजन दिलेले रुग्ण जास्त वाचले. आम्ही सगळेच हुरळून गेलो. पुढे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये, युरोपात, अमेरिकेत मोठे अभ्यास झाले आणि तो फरक काही पुन्हा दिसेना. फ्रान्समध्ये फारच कमी ठेवलेल्या गटात काहींच्या आतड्यांचा रक्तपुरवठा बंद पडला आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०२५मध्ये ब्रिटनचा निकाल आला. साडेसोळा हजार व्हेंटिलेटरवरचे रुग्ण, अर्ध्यांचं लक्ष्य ९० आणि उरलेल्यांना नेहमीचा उपचार. नव्वद दिवसांनंतर मृत्यूंत फरक नाही. माझ्या मते यातून घ्यायचं ते इतकंच: ९०च्या वर ठीक चाललेलं असताना १००साठी धावण्यात रुग्णाचा फायदा नाही आणि फार खाली खेचण्यातही नाही. म्हणून बहुतेक विभागांत ९२ ते ९६ हा पट्टा धरतात. कार्बन मोनॉक्साइडची बाधा मात्र वेगळी. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून बेशुद्ध पडलेल्या माणसाला पूर्ण १०० टक्केच द्यायचा, आणि त्याच्या बोटावरचा आकडा ९८ दिसला तरी त्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्या यंत्राला दोन्ही वायूंतला फरक कळत नाही.

प्रश्न : मे २०२१मध्ये गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) रात्री नेमकं काय बिघडत होतं? ट्रॅक्टर, ट्रॉली असं पेपरात वाचलं, पण ऑक्सिजनचा आणि ट्रॅक्टरचा संबंध कळला नाही. आता टाकी आली, म्हणजे चिंता मिटली ना? (साखळी)

उत्तर : संबंध आहे, आणि तो प्रत्येक गोवेकराला माहीत असावा. ११ मे २०२१ रोजी पहाटे दोन ते सहा या वेळेत गोमेकॉत २६ कोविड रुग्ण दगावले. आदल्या दिवशी १,२०० जंबो सिलिंडर लागत होते आणि ४००च आले, असं आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी सांगितलं आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. मुख्यमंत्री प्रमोद सावंत त्याच दिवशी वॉर्डांत फिरून आले आणि प्रश्न ऑक्सिजन वॉर्डापर्यंत वेळेत पोचण्याचा आहे, असं म्हणाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे सरकारने ट्रॅक्टरची अडचण मांडली.

ती अशी. इस्पितळाच्या भिंतीतल्या तांब्याच्या नळ्यांत ऑक्सिजनचा दाब साधारण चार बार ठेवावा लागतो. व्हेंटिलेटर त्या दाबावर चालतात. तेव्हा हा दाब सिलिंडरांच्या ट्रॉल्यांवर अवलंबून होता. एका ट्रॉलीवर डझनांनी जंबो सिलिंडर एकत्र जोडलेले. ट्रॅक्टरने ती ओढून आणायची, मॅनिफोल्डला, म्हणजे नळ्यांच्या मुख्य जोडणीला, जोडायची, संपली की दुसरी. वळवायला, जोडायला वेळ गेला किंवा पुढची ट्रॉली भरून आलीच नाही, की नळ्यांतला दाब उतरतो. मग सर्वांत आधी कोलमडतो तो जास्त ऑक्सिजनवर असलेला रुग्ण. हिशेब करून पाहा. नाकातून उच्च प्रवाहाने मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजन घेणारा एक रुग्ण ७,००० लिटरचा जंबो सिलिंडर दोन तासांच्या आत रिकामा करतो. हा एका खाटेचा खर्च झाला. रात्री झोपेत श्वास मुळातच उथळ होतो, मास्क सरकतो, त्यामुळे दाब उतरल्याचा फटका अशा वेळी जास्त बसतो. अर्थात त्या २६ जणांपैकी किती केवळ दाबामुळे गेले हे लांबून सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्यांतले बरेच अतिशय गंभीर होते. पण गंभीर माणसालाच तर दाब लागतो.

त्याच महिन्यात गोमेकॉत २० हजार लिटरची द्रवरूप ऑक्सिजनची टाकी बसली. उणे १८३ अंशांवरचा एक लिटर द्रव सुमारे ८५० लिटर वायू देतो. म्हणजे भरलेल्या टाकीत अंदाजे २,४०० जंबो सिलिंडरांचा माल. टाकीशेजारी पंखांसारखी पाती असलेल्या उभ्या नळ्या असतात. भर दुपारच्या उन्हातही त्यांच्यावर पांढराशुभ्र बर्फ जमलेला दिसेल. तिथेच द्रवाचा वायू होतो. ट्रॅक्टरची वाट बघणं तेव्हा संपलं.

चिंता मिटली का? नाही. २१ एप्रिल २०२१ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी होती. तिच्यातूनच गळती झाली, दाब गेला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकीमागे भरलेल्या सिलिंडरांची दुसरी फळी, आपोआप वळणारी झडप आणि रात्रपाळीला दाबाचा काटा वाचणारा माणूस, हे तिन्ही लागतं. त्याच वर्षात देशभर इस्पितळांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्लांट बसले. त्यांचे फिल्टर बदलले नाहीत तर तेही शोभेचे होतात. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच प्लांट उभे केले होते आणि दुसऱ्या लाटेत शेजारचे जिल्हे तिकडे बघत राहिले. साखळीकर म्हणून तुम्ही एवढंच विचारत राहा: प्लांट शेवटचा कधी चालवून पाहिला? ऑक्सिजनची शुद्धता शेवटची कधी मोजली? ९० टक्क्यांच्या खाली असेल तर तो प्लांट दुरुस्तीला काढायला हवा. उद्घाटनाची पाटी वाचून हे कळत नाही.

प्रश्न : घशात नळी घालायला सही मागितली म्हणजे सगळं संपलं का? (कोरगाव, ता. पेडणे)

उत्तर : नाही. न्यूमोनिया, सर्पदंश, विषबाधा यांतले कितीतरी रुग्ण नळी निघून चालत घरी जातात. दुखणं फार पुढे गेल्यावर नळी घातली तर मात्र अपयश वाढतं. नाकातला उच्च प्रवाह किंवा बायपॅप लावून तासा-दोन तासांत श्वासाची गती उतरली नाही, तर "अजून थोडं बघू" म्हणत दिवस काढणं हे सर्वांत घातक. पेडण्याच्या लोकांचा आणखी एक प्रश्न आहे तो अंतराचा. धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा आणि मग पर्वरीची कोंडी. नळी घालायचीच असेल तर ती निघण्यापूर्वी घालावी, रस्त्यात नव्हे. तुयेच्या नव्या इस्पितळासाठी पेडणेकरांनी इतकी वर्षं आवाज उठवला तो उगाच नाही. दुसरीकडे, वय झालेलं, दुखणं बरं न होणारं आणि माणसाने शुद्धीत असताना "मला यंत्रावर ठेवू नका" असं सांगितलेलं, तर नकार देण्यातही काही गैर नाही. तसं डॉक्टरांना सरळ सांगा.

प्रश्न : अण्णांना घरी ऑक्सिजन लागतो, रात्री २ लिटर. मुलगी आखातात असते, तिच्या घरी नातवाचं बारसं आहे. आता मोपाचा विमानतळ दाराशी आला आहे. अण्णांना नेता येईल का? (धारगळ)

उत्तर : येईल बहुधा, पण तिकीट काढून झाल्यावर डॉक्टरकडे येऊ नका. विमानाच्या आतला दाब जमिनीसारखा नसतो, तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखा असतो. तिथे श्वासातला ऑक्सिजन २१ ऐवजी १५ टक्के असल्यासारखा मिळतो. आपल्या तब्येतीला ते जाणवतही नाही. अण्णांचा जमिनीवर ९० असलेला आकडा तिथे ८०च्या घरात जाऊ शकतो. म्हणून रात्रीच लागणारा ऑक्सिजन विमानात दिवसाही लागेल.

घरचा सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत. घरचा मोठा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) विजेवर चालतो, त्याचाही उपयोग नाही. बॅटरीवरचं लहान पोर्टेबल यंत्र भाड्याने घ्यावं लागेल. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून आधी पाठवावा लागतो आणि बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या हव्यात. उशीर गृहीत धरा. ही लहान यंत्रं श्वास ओढला की झुळूक सोडतात, सतत देत नाहीत. काही वृद्धांचा श्वास इतका मंद असतो की यंत्राला तो कळतच नाही. तेव्हा निघण्याआधी एक दुपार घरातच ते यंत्र लावून अण्णांना अंगणात चालवून बघा. पेट्रोलियम जेली आणि काड्यापेटी सामानातून काढा.

प्रश्न : सासूबाई देवघराशेजारच्या खोलीत कॉन्सन्ट्रेटरवर असतात. चवथीला पाच दिवस समई अखंड तेवते. चालेल का? आणि हे यंत्र २०२१च्या धावपळीत घेतलेलं आहे, खाटेखाली पडून होतं. (मांद्रे)

उत्तर : समई तेवू दे, सासूबाईंना दुसऱ्या खोलीत हलवा. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तो मुरलेलं कापड, केस, पातळाचा पदर एका ठिणगीने भडकतो. ज्योत आणि नळीचं टोक यांत किमान दहा-बारा फूट अंतर असावं, हे माझं सांगणं. आरतीचं ताट घेऊन तर जवळ जायचंच नाही. तीर्थ-प्रसाद नेऊन द्या. घरात कुणी विडी ओढत असेल त्याला अंगणात पिटाळा. ओठ कोरडे पडतात म्हणून पेट्रोलियम जेली किंवा बाम नाकाशी चोळू नका. पाण्यात विरघळणारं मलम मिळतं.

खाटेखालून काढलेल्या यंत्राची आधी शुद्धता मोजून घ्या. या यंत्रांतली चाळणीची पूड दमट हवेत खराब होते, आणि मांद्र्याच्या समुद्राकाठचा दमटपणा तुम्हाला मी सांगायला नको. ५ लिटरला ८५ टक्क्यांच्या खाली मिळत असेल तर ते यंत्र नुसतं आवाज करतं. बुडबुड्यांच्या बाटलीत नळाचं पाणी घालू नका. उकळून थंड केलेलं किंवा डिस्टिल्ड घाला आणि रोज बदला. प्रवाह दोन-तीन लिटरच असेल तर ती बाटली मुळात लागतही नाही. मे-जूनमध्ये वीज केव्हाही जाते, तेव्हा भरलेला एक लहान सिलिंडर आणि त्याची चावी खोलीतच टांगून ठेवा. चावी सापडत नाही म्हणून रात्री धावाधाव झालेली मी पाहिली आहे.

डॉक्टरांनी दिवसाला १५ तास सांगितले असतील तर पंधराच. सासूबाई "बरं वाटलं की काढते" म्हणतात, असं तुम्ही पुढे लिहिलं आहे. बरं वाटणं आणि न वाटणं याच्याशी या उपचाराचा संबंध नाही. १९८०च्या सुमारास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या दोन अभ्यासांत दिसलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांना दिवसातून १५ तास वा अधिक दिला तर ते जास्त जगतात. कमी तास दिला तर हा फायदा घटतो. रात्रीची झोप त्यात धरा, म्हणजे दिवसाचे थोडेच तास उरतात. लांब नळी घेतली तर त्या तासांत घरभर फिरता येतं, फक्त समईच्या खोलीत नको.

प्रश्न : लग्नाची मेंदी असताना बोटाला ऑक्सिमीटर चालतो का? (डिचोली)

उत्तर : मेंदी फार गडद असेल तर आकडा चुकू शकतो. नेलपॉलिश पुसावं. बोटं गार पडली असतील तर चोळून ऊब आणावी. बोट चालत नसेल तर कानाच्या पाळीचं वेगळं प्रोब असतं, तेही नसेल तर पायाचं बोट. अमेरिकेत २०२०मध्ये लक्षात आलं की काळ्या त्वचेच्या रुग्णांत हे यंत्र कधीकधी खऱ्याहून जास्त आकडा दाखवतं. आपल्या सावळ्या लोकांनीही ते ध्यानात ठेवावं: यंत्र ९३ म्हणतंय, पण माणूस एक वाक्य सलग बोलू शकत नाही, तर यंत्राकडे बघत बसू नका, १०८ला फोन करा.